एइबारची लॅम्ब्रेटा आणि ठिणगीचे गणित

मिलानच्या इनोचेंती कंपनीने १९७१मध्ये लॅम्ब्रेटाचे उत्पादन थांबवले. तरी ही स्कूटर संपली नाही. बंदुका आणि शिवणयंत्रांसाठी ख्यात असलेल्या स्पेनमधील एइबार या बास्क गावात ती 'सर्वेटा' या नावाने १९८०च्या दशकातही तयार होत होती. 'क्वाड्रोफेनिया' हा चित्रपट १९७९मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये स्कूटरचे वेड पुन्हा उफाळले. त्या काळात तिथे आयात झालेल्या सर्वेटांना इटालियन गाड्यांची सावत्र बहीण मानले जाई. त्यांचे आता हौसेने पुनरुज्जीवन होते.

हौशी मंडळी प्रथम रंगाकडे वळतात, हे काहीसे दुर्दैवच. गाडीचा जीव प्रज्वलन यंत्रणेत असतो. जुन्या रचनेत चुंबक बसवलेले फ्लायव्हील स्थिर कॉइलभोवती फिरते आणि वीज निर्माण होते. नेमक्या क्षणी 'पॉइंट' उघडतात, विद्युतप्रवाह तुटतो आणि उच्चदाबाच्या कॉइलमधून प्लगवर हजारो व्होल्टची ठिणगी पडते. पॉइंटमधील फट जेमतेम ०.४ मिलिमीटर असते. ती झिजून बदलली की ठिणगीची वेळही बदलते. थंड असताना सुरू होणारी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी बहुधा कंडेन्सरच्या दुखण्याने ग्रासलेली असते. मेकॅनिक मात्र कार्ब्युरेटर उघडून बसतात!

इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनात पॉइंट नसतात, त्यामुळे झीजही नसते. पण उष्णता आणि तेल यांमुळे स्टेटरच्या वायरींचे आवरण कडक होऊन गळते, तारा उघड्या पडतात आणि शॉर्टसर्किट होते. म्हणून यंत्रणा टाकून देण्याआधी वायरी आणि अर्थिंग तपासावे. स्पॅनिश 'फेम्सा'चा मूळ इलेक्ट्रॉनिक संच निकामी झाला, तर त्याचे सुटे भाग मिळणे मात्र दुरापास्त आहे.

येथे लखनौ मदतीला येते. इनोचेंतीची यंत्रसामग्री १९७२मध्ये स्थापन झालेल्या 'स्कूटर्स इंडिया'ने घेतली होती. त्यामुळे भारतीय बनावटीचे स्टेटर आणि फ्लायव्हील परदेशातील अनेक लॅम्ब्रेटांवर चढले. जुन्या 'एलआय' आणि नंतरच्या 'जीपी' क्रँकशाफ्टच्या टोकाचा निमुळता भाग मात्र एकसारखा नसतो. विजोड फ्लायव्हील जबरदस्तीने बसवले, तर अर्धचंद्राकृती चावी तुटते आणि क्रँकशाफ्टही वाया जातो. जुने फ्लायव्हील काढतानाही हातोडा नको. त्यासाठी खास पुलर मिळतो.

संच बदलला की टायमिंग नव्याने लावावेच लागते. ठिणगी फार आधी पडली, तर इंजिन बेसुमार तापते आणि पिस्टनला भोक पडू शकते. धावत्या गाडीत पिस्टन अचानक अडकून मागचे चाक जाम झाले, तर चालकाच्या जिवावर बेतते. फ्लायव्हीलवर आधीच कोरलेल्या खुणेवर विसंबू नये. पिस्टन सर्वांत वर येण्याचा बिंदू डायल गेजने शोधून खूण स्वतः करावी आणि चालू इंजिनवर स्ट्रोब दिव्याने ती पडताळावी.