लेहचे जुने नगर : पर्यटनाच्या दृष्टीआड राहिलेला वारसा

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले लेह ही लडाखच्या नामग्याल राजांची राजधानी होती. १९७४ साली हा प्रदेश पर्यटकांसाठी खुला झाला. आज येणारे बहुसंख्य पर्यटक राजवाडा आणि १९९१ साली पूर्ण झालेला शांती स्तूप वाहनाने जाऊन पाहतात व पँगाँग सरोवराकडे प्रस्थान ठेवतात. राजवाड्याच्या पायथ्याशी असलेले जुने नगर मात्र त्यांच्या पाहण्यातून निसटते. वस्तुतः लेहचा खरा वारसा तेथेच आहे.

नऊ मजली राजवाडा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंगे नामग्याल या राजाने बांधला. ल्हासा येथील पोटाला प्रासादाची ही प्रतिकृती होय, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. परंतु विद्यमान पोटालाचे बांधकाम १६४५ साली सुरू झाले आणि सेंगे नामग्याल १६४२ सालीच निवर्तला होता. तेव्हा हे विधान टिकत नाही. डोग्रा आक्रमणानंतर राजघराणे स्तोक येथे गेले व वाडा ओस पडला.

वाड्याखालील घरे परस्परांना बिलगून उभी आहेत. खाली दगडी भिंती, वर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, छताला पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काठ्या आणि शेवटी मातीचा थर, अशी त्यांची रचना असते. काही बोळ चक्क घरांखालून जातात. वाटेत स्तूप लागतात, मैत्रेय बुद्धाचे मंदिर लागते आणि उताराच्या तळाशी सतराव्या शतकात उभी राहिलेली जामा मशीद. बौद्ध व मुस्लिम कुटुंबांचा शेजार येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. स्तूप वा मंत्र कोरलेल्या शिळांची मणी-भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जावयाचे, हा संकेत पाहुण्यांनीही पाळावा.

मातीची ही वास्तू टिकते ती दोन गोष्टींमुळे : वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास होणारी पर्जन्यवृष्टी आणि घरात राहणारी माणसे. छताची वेळोवेळी डागडुजी करणे, साचलेला बर्फ वेळीच लोटणे ही कामे रहिवासीच करू जाणे. वाहन दारापर्यंत येत नाही, नळाचे पाणी पुरेसे नाही, म्हणून अनेक कुटुंबे खालच्या नव्या वस्तीत गेली आणि घरे ढासळू लागली. २००८ साली जागतिक स्मारक निधीने जगातील १०० संकटग्रस्त स्थळांत लेहच्या जुन्या नगराचा समावेश केला. पावसाचा भरवसाही आता उरलेला नाही. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीत लेह परिसरात दोनशेहून अधिक बळी गेले.

तिबेट हेरिटेज फंड ही संस्था २००३ पासून स्थानिक कारागिरांच्या हातून येथील घरे व मंदिरे दुरुस्त करीत आली आहे. सिमेंटच्या घराला मातीच्या भिंतीची ऊब नाही, हे लडाखच्या हिवाळ्यात लगेच कळते. शौचालयाचेही तसेच. पारंपरिक कोरड्या शौचालयात माती व राख टाकून शेतीसाठी खत तयार होई, पाणी लागत नसे. पर्यटकांसाठी उभारलेल्या हॉटेलांतील शौचकूप मात्र हिमजलावर जगणाऱ्या या गावाचे पाणी वापरतात आणि त्यांच्या शोषखड्ड्यांमुळे भूजलही दूषित होते.

विरळ हवेशी जुळवून घेण्यासाठी पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मुख्य बाजारपेठेतील मशिदीपासून संथ गतीने चढत गेल्यास तासाभरात राजवाडा येतो. वाटेत घरमालक छतावर माती लिंपताना दिसला, तर तेथे थांबावे.