आवाज खालून येतोय

रविवारची सकाळ. चिंचवडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीचं बॉनेट उघडं आहे आणि भोवती जमलेल्या पाच-सहा जणांचं निदान तयार आहे. "टॅपेट वाजतायत." "पेट्रोलमध्ये भेसळ आहे, दुसरं काय!" "इंजिनचं काम निघालं, विकून मोकळा हो." गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बऱ्यापैकी जुनी. मालक तिसऱ्या मजल्यावरचा तरुण. तो कुणालाच उत्तर देत नाही, जिन्याकडे बघतोय.

जिन्यावरून काका उतरतात. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. हातात पान्यांची पिशवी आणि लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर.

"स्टार्टर कुणी मारायचा नाही. आधी ऑइल."

गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी आहे, त्यामुळे ऑइल खाली उतरलेलं आहे. काका डिपस्टिक ओढतात, पुसतात, परत घालून काढतात. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

"दिवा लागला नाही कधी?"

"नाही काका."

"तो दिवा प्रेशर बघतो बाळा, ऑइल किती आहे ते नाही बघत. ऑइल कमी असलं की वळणावर एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेरिंग कोरडं पडतं. दिवा लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

डिकीतला डबा येतो, ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं जातं, गाडी सुरू होते. वरून टॅपेटची बारीक टिकटिक, बाकी काही नाही. "गेला आवाज!" कुणीतरी जाहीर करतं. काकांचा चेहरा हलत नाही. "गरम होऊ दे. पिस्टन ढिला असेल तर थंड इंजिन जास्त वाजतं आणि तापलं की गप्प होतं. याचं उलटं असेल, तर मला काळजी."

तापमानाचा काटा मध्यावर येतो आणि टिकटिकीच्या खालून दुसरा आवाज वर यायला लागतो. ठक्, ठक्, ठक्. जड, भरीव. ऑइल तापून पातळ झालं, तशी लपलेली फट बोलायला लागली.

काका अजूनही निकाल देत नाहीत. सायलेन्सरवरचं पत्र्याचं कव्हर ते लाकडी दांडक्याने दाबून बघतात. ढिला पत्रासुद्धा इंजिनसारखा वाजतो. आवाज तसाच. मग इंजिन बंद करून टेन्शनर ढिला करतात आणि बेल्ट उतरवतात. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, वॉटर पंप, सगळे सुटे. "यातलं एखादं बेरिंग वाजत असेल तर आता बंद होईल. पण पाणी फिरत नाहीये, मिनिटभराच्या आत बंद करायचं." गाडी सुरू. ठक्, ठक् कायम.

तेवढ्या मिनिटात स्क्रू ड्रायव्हरचं काम होतं. टोक इंजिनवर, मूठ कानाच्या हाडाला. वरच्या कव्हरवर टेकवून काका मान हलवतात, टोक खाली ब्लॉकच्या कडेला, ऑइल चेंबरच्या वर नेतात, आणि मूठ माझ्या कानाला लावतात. वर नुसती टिकटिक होती. इथे कुणीतरी आतून हातोडी मारतंय. बाहेर सगळ्या बॉनेटखाली पसरलेला आवाज दांड्यातून एका जागेवर येतो.

इंजिन बंद होतं, बेल्ट परत चढतो, गाडी पुन्हा सुरू. "हळूहळू रेस दे. आता एकदम सोड." रेस सोडताना ठोका क्षणभर मोठा होऊन खडखडतो. काका मालकाकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

आता शेवटची परीक्षा. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढतात. चालू गाडीत प्लगची वायर उपटायची जुनी सवय ते स्वतःही मोडून बसलेत: शॉक बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. पुन्हा स्टार्ट. इंजिन तीन सिलिंडरवर थरथरतं, ठोका तसाच. कनेक्टर लावतात, दुसरा काढतात. तसाच. तिसरा काढतात आणि ठोका दबतो. इतका, की पार्किंगमधली कुजबुज ऐकू येते. तिसऱ्यात पेट्रोल नाही, म्हणजे स्फोट नाही, म्हणजे त्याच्या कनेक्टिंग रॉडवर दणका नाही. कनेक्टर परत लावला की ठक्, ठक् हजर.

चावी फिरवून काका गाडी बंद करतात. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर टेकवतात आणि फडकं उन्हात धरतात. काळ्या डागात बारीक चमचम आहे, चांदीच्या वर्खाची भुकटी पडावी तशी. खिशातला लोहचुंबक फिरवतात. एकही कण चिकटत नाही. "लोखंड नाही. बेरिंगचा लेप निघालाय. तिसऱ्याचं बिगेंड, रॉड क्रँकला धरतो तिथलं."

"गॅरेजपर्यंत चालवत नेऊ? जवळच आहे."

"गेटपर्यंतसुद्धा नाही. शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची फट असते ती, आता ती वाढलीय. आज थांबलास तर क्रँक ग्राइंड करून 0.25 अंडरसाइझ बेरिंगवर भागण्याची आशा आहे. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग इंजिनच बदलावं लागेल."

तरुण टोइंगवाल्याचा नंबर शोधायला लागतो. टॅपेटवाले आणि भेसळवाले पांगतात. विकून मोकळा हो म्हणणारे तेवढे मागे रेंगाळतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "काका, माझीपण थोडी वाजते हो हल्ली. जरा ऐकता का?"

काका पाने पुसून पिशवीत टाकतात. "आधी ऑइल बघून या. मग ऐकतो."