घर चालते, घरे चालत नाहीत

प्रोग्रामर कोडमध्ये नावे कशी देतात आणि ती नावे यंत्र कशी फिरवते, हे न्याहाळण्याचा मला जुना नाद आहे. लोक जुनी नाणी जमवतात तसे मी शब्दरूपे बदलणाऱ्या लायब्ररींचे नियम जमवत आलो. एकवचनाचे अनेकवचन करणारे, क्लासच्या नावावरून टेबलाचे नाव घडवणारे, चिकटून लिहिलेले शब्द सुटे करणारे हे नियम आकाराने लहान असतात. त्यांच्यावर उभी राहणारी सॉफ्टवेअर मात्र प्रचंड असतात.

‘रुबी ऑन रेल्स’ हे वेब-सॉफ्टवेअर बांधण्याचे साधन २००४ साली जगापुढे आले. डेव्हिड हायनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने ते ‘बेसकॅम्प’ नावाचे सॉफ्टवेअर बांधताना घडवले. त्याचा आग्रह असा की ठरलेले संकेत पाळले तर वेगळी मांडणी लिहावी लागू नये. क्लासचे नाव ‘पर्सन’ असेल तर टेबल ‘पीपल’ असणार, हे रेल्सने आपण होऊन ओळखायचे. ‘मेसेज’कडे बोट दाखवणारा रकाना ‘मेसेज_आयडी’ असणार, हेही. म्हणजे डेटाबेसशी बोलण्यासाठी रेल्सला इंग्रजी व्याकरण येणे भाग पडले. ‘इन्फ्लेक्टर’ नावाच्या भागात ते व्याकरण आहे: शेवटच्या अक्षरांवर चालणारे काही नियम, थोडे अपवाद, आणि राइस, मनी, फिश, शीप, पोलीस अशा अनेकवचन न होणाऱ्या नामांची छोटी यादी.

या नियमांत ‘ऑक्टोपस’चे ‘ऑक्टोपाय’ आणि ‘व्हायरस’चे ‘व्हायराय’ करणारी एकच ओळ आहे. ऑक्टोपस मूळ ग्रीक. लॅटिन धर्तीचे ‘आय’ त्याला शोभत नाही. व्हायरसची गोष्ट त्याहून वाईट. जुन्या लॅटिन साहित्यात या शब्दाचे अनेकवचन सापडत नाही, आणि रेल्सने केलेले रूप लॅटिनमध्ये ‘पुरुष’ या शब्दाचे अनेकवचन आहे. विषाणूंची नोंद ठेवणारी रेल्सची प्रणाली कोणी संकेत पाळून बांधली, तर तिच्या टेबलाच्या नावाचा लॅटिन अर्थ ‘पुरुष’ होतो.

चूक दिसली तर दुरुस्त का करत नाहीत? याचे उत्तर रेल्सच्या कोडमध्येच टिपणीच्या रूपात आहे. त्या टिपणीचा आशय असा: या भागातल्या दुरुस्त्या स्वीकारल्या जाणार नाहीत, कारण जुनी सॉफ्टवेअर चुकीच्या रूपांवर विसंबून असू शकतात, ज्याला हवे त्याने आपापल्या प्रकल्पात नियम बदलून घ्यावा. मला ही टिपणी या साऱ्या शोधातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटते. व्याकरणाची चूक एकदा हजारो टेबलांच्या नावांत मुरली की तीच प्रमाण होते. तरीही एक अपवाद निसटलाच. ‘काउ’चे अनेकवचन ‘काइन’ असे बायबलच्या जुन्या भाषांतरात शोभणारे रूप रेल्स बरीच वर्षे देत होते. २०१३च्या चौथ्या आवृत्तीत ते काढून टाकले.

रेल्सच्या आधी सहा वर्षे हेच काम एका माणसाने विद्वानाच्या चिकाटीने केले होते. डेमियन कॉनवे हा तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातला संगणकशास्त्राचा अध्यापक. १९९८च्या पर्ल परिषदेत त्याने इंग्रजी अनेकवचनाच्या रीतीवर निबंध वाचला आणि त्यावर बेतलेली पर्ल भाषेची लायब्ररी लोकांना खुली केली. आधुनिक आणि अभिजात अशी दोन रूपे त्याने शेजारी ठेवली. साधेपणी ‘काउ’चे ‘काउज’ होते. ‘अभिजात’ कळ चालू केली तरच ‘काइन’ मिळते. ऑक्टोपसचेही ‘ऑक्टोपसेस’ आणि ग्रीक ‘ऑक्टोपोडीज’ असे दोन्ही पर्याय तो देतो. नामाबरोबर क्रियापद आणि विशेषण बदलायची सोयही त्याने केली, आणि ‘अ’ लावायचे की ‘अ‍ॅन’ हे स्पेलिंगवर न सोडता उच्चारावरून ठरवले. ज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर कॉनवे रेल्सच्या कितीतरी पुढे होता. प्रसार मात्र रेल्सचा झाला.

कॉनवेच्या अपवादांच्या यादीत मला आपल्या घरचा एक शब्द सापडला: मंगूज. इंग्रजी कोश या शब्दाचे मूळ आपल्या मुंगसात दाखवतात. कॉनवेचा नियम सांगतो की ‘गूज’ने संपणाऱ्या शब्दाचे ‘गीज’ करा, म्हणजे हंसाचे बरोबर होईल. त्या नियमाने मुंगसाचेही ‘मंगीज’ झाले असते, म्हणून त्याला ‘मंगूजेस’ असा स्वतंत्र अपवाद लिहावा लागला. रेल्समध्ये हंसासाठी नियमच नाही, त्यामुळे तिथे मुंगूस बरोबर येते आणि हंस चुकतो. पुढे मोंगोडीबी या डेटाबेससाठी नोड-जेएसवाल्यांनी जी प्रसिद्ध लायब्ररी घडवली तिचे नावच ‘मंगूज’ आहे, आणि मॉडेलला दिलेल्या नावाचे अनेकवचन करून ती संग्रहाचे नाव ठरवते. खुद्द मराठीत मुंगूसचे अनेकवचन मुंगसे. मधला ‘गू’ ऱ्हस्व होऊन थांबत नाही, त्याचा स्वरच गळतो. शेवटची अक्षरे बघून चालणाऱ्या कोणत्याही इंग्रजी नियमाला हे जमणार नाही.

नावांच्या लेखनशैलीचा वाद मी लवकर आटोपतो, कारण त्यात तावातावाने बोलणारे फार आणि पुरावा थोडा. एका पक्षाला शब्द जोडून प्रत्येक नव्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करायला आवडते, ही कॅमलकेस. दुसरा पक्ष मध्ये खालची रेघ घालतो, ही स्नेककेस. झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेच्या स्मॉलटॉक भाषेत मोठ्या अक्षरांची रीत रुजायला यंत्रही कारण होते. १९६३च्या आस्की संकेतात आज जिथे खालची रेघ आहे तिथे डावा बाण होता, आणि स्मॉलटॉक तो बाण किंमत देण्यासाठी वापरत असे. २००९ साली बिंकली आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात कॅमलकेस अधिक अचूक ओळखली गेली, पण वेळ जास्त लागला. २०१० साली शरीफ आणि मॅलेटिक यांनी डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा अचूकतेत फरक दिसला नाही आणि रेघेची नावे लवकर वाचली गेली. माझे मत रेघेच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण वाचनाच्या वेगापलीकडचे आहे: एका शैलीतून दुसरीत जाताना माहिती गळते.

हे देवनागरीत छापून दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. ‘एसएसएल’ची तिन्ही अक्षरे मोठी आणि पुढे मोठ्या ‘ई’ने सुरू होणारा ‘एरर’ असे क्लासचे नाव घ्या. रेल्स त्याची स्नेककेस करते तेव्हा सगळी अक्षरे लहान होतात आणि दोन शब्दांमध्ये रेघ येते. परत कॅमलकेस करा: आता फक्त पहिला ‘एस’ मोठा, उरलेली दोन अक्षरे लहानच. दोन्ही क्रिया एकमेकींच्या उलट नेहमीच ठरत नाहीत, हे रेल्सच्या दस्तऐवजात याच उदाहरणाने सांगितले आहे.

आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, तेव्हा हा प्रश्न आपला नाही असे वाटेल. तो आपलाच आहे. रेल्स ज्या भाषेत लिहिले आहे त्या रुबीत क्लासचे नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरी नाव तिथे पहिल्याच अक्षरावर अडते. गो या भाषेत जे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते तेच आपल्या पॅकेजबाहेर दिसते. गोची अडचण आणखी खोल आहे. तिथे नावात युनिकोडने ‘अक्षर’ किंवा ‘अंक’ ठरवलेली चिन्हे आणि खालची रेघ एवढेच चालते. आपल्या मात्रा, वेलांट्या, उकार, हलन्त ही युनिकोडच्या लेखी जोडचिन्हे, त्यामुळे बाद. ‘घर’ हे नाव गो स्वीकारते. ‘घरे’ लिहिलेत की एका मात्रेसाठी कोड कंपाइल होत नाही. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरीत या नियमाने वगळलेल्यांचे उदाहरण म्हणून देवनागरीचेच नाव आहे. गो घडवणाऱ्या तिघांपैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच १९९२ साली यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतनाची पद्धत रचली, जिच्या जोरावर आज मराठी मजकूर जगभर फिरतो. त्यांच्याच भाषेत मराठी अनेकवचनाला जागा नसावी, हे मला सहज सोडून देता येत नाही.

पायथन या भाषेने २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावे स्वीकारली, मात्रांसकट. तिथेही एक फट आहे. दरीचे अनेकवचन दऱ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिला पायथनला चालतो, दुसऱ्यावर चूक येते. दोऱ्या, सुऱ्या, नोकऱ्या या सगळ्यांची हीच गत. रेल्समध्ये लेखाच्या शीर्षकावरून वेबपत्त्याचा भाग करणारी एक सोय आहे. तिला निखळ मराठी शीर्षक द्या, हाती रिकामी ओळ येते.

मग मराठीसाठी असा इन्फ्लेक्टर करता येईल का? दगड, भिंत, वाट, झाड हे चार शब्द घ्या. चारही अकारान्त. अनेकवचने: दगड, भिंती, वाटा, झाडे. लिंग कळले तर दगड आणि झाड सुटतात. भिंत आणि वाट दोन्ही स्त्रीलिंगी असूनही वेगळ्या वाटेने जातात. फूलचे फुले होताना आणि विहीरचे विहिरी होताना मधला स्वर ऱ्हस्व होतो. पुढे क्रियापदही बदलते: एक फाइल निवडली, पाच फायली निवडल्या. म्हणून मला सॉफ्टवेअरच्या अनुवादासाठीच्या ‘गेटटेक्स्ट’ या साधनाची रीत आपल्यासाठी योग्य वाटते. तिथे यंत्र रूप घडवत नाही. एकवचनाचे आणि अनेकवचनाचे पूर्ण वाक्य अनुवादकच लिहून देतो.

तरीही शब्दांचा कोश लागणारच, आणि त्याची सामग्री आपल्याकडे पूर्वीपासून आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे, मोरो केशव दामल्यांचे १९११चे. मोल्सवर्थच्या १८५७च्या आवृत्तीत नामापुढे लिंग दिले आहे, आणि शिकागो विद्यापीठाने तो कोश डिजिटल रूपात खुला केला आहे. त्यात फाइल, टेबल, स्क्रीन अर्थातच नाहीत. आज हवी आहे ती खुली यादी: प्रत्येक नामापुढे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप. मराठी जाणणाऱ्या प्रोग्रामरांनी आणि कोडला न भिणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांनी ती एकत्र बसून करावी, आणि रेल्सचा धडा ध्यानात ठेवून, लोक तिच्यावर विसंबायला लागण्याआधीच नीट तपासून घ्यावी.