खोडदच्या तबकड्या

नारायणगावहून खोडदकडे जाताना शेतांमध्ये उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार तबकड्या तुमच्यातल्या काहीजणींनी पाहिल्या असतील. ती आहे रेडिओ दुर्बीण. पण एकाच दुर्बिणीला इतक्या तबकड्या कशाला, ते आज समजून घेऊ.

आकाशातले तारे नुसता प्रकाश पाठवत नाहीत, रेडिओच्या लहरीही पाठवतात. आपला कार्यक्रम तुमच्यापर्यंत आणणाऱ्या लहरींसारख्याच, पण अतिशय क्षीण. तबकडी त्या लहरी टिपते. तबकडी जितकी रुंद, तितके आकाशातले बारकावे स्पष्ट दिसतात. पण मैलभर रुंद तबकडी उभी कशी करणार?

त्यावर तोड निघाली. समजा, मुंबईत एक तबकडी गिरगावात ठेवली आणि दुसरी दादरला. दोघींनी एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे पाहायचं आणि दोघींनी टिपलेल्या लहरी, वेळ अगदी काटेकोर जुळवून, एकत्र करायच्या. मग गिरगाव ते दादर एवढ्या रुंद तबकडीतून दिसावेत तसे बारकावे कळतात. लहरी मात्र दोन तबकड्यांपुरत्याच गोळा होतात. म्हणून तबकड्या पुष्कळ लागतात, आणि दूरदूर पसरलेल्या लागतात.

हे काम आपल्याकडे मुंबईतूनच सुरू झालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६३ साली डॉ. गोविंद स्वरूप आले. त्यांनी कल्याणजवळ ३२ लहान तबकड्या बसवून सूर्याचा अभ्यास केला. पुढे त्यांच्याच पुढाकाराने खोडदची दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर रुंद. १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात.

तबकडी जाळीची का? गव्हाच्या चाळणीतून बारीक कचरा खाली पडतो, गहू वरच राहतो. इथे वारा जाळीतून निघून जातो, पण लांब रेडिओ लहर जाळीवरून परत फिरते. त्यामुळे तबकडी हलकी झाली आणि खर्चही वाचला.

पृथ्वीवर तबकड्या कितीही लांब ठेवल्या, तरी पृथ्वीच्या रुंदीपलीकडे, म्हणजे सुमारे १२,७०० किलोमीटरपलीकडे, जाता येत नाही. म्हणून जपानने १९९७ साली आठ मीटरची तबकडी अंतराळात पाठवली. २०११ साली रशियाने दहा मीटरची पाठवली. ती फिरता फिरता साडेतीन लाख किलोमीटर दूर, जवळजवळ चंद्राच्या अंतरापर्यंत जाई आणि जमिनीवरच्या तबकड्यांबरोबर जोडीने काम करी. २०१९ पर्यंत ती चालली.

या सगळ्यांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे शांतता. कानाला ऐकू येणारी नव्हे, लहरींची. जवळचा एक मोबाईलही ताऱ्याचा क्षीण आवाज बुडवतो. म्हणून खोडदच्या परिसरात उद्योगांवर बंधनं आहेत, आणि पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग ठरवतानाही ही दुर्बीण आड आली. टोमॅटो पिकवणाऱ्या त्या गावांना रेल्वे हवी, हे खरं. दुर्बिणीला शांतता हवी, हेही खरं. विज्ञानाची किंमत शेजारची गावंही मोजत असतात, हे विसरून चालणार नाही. त्यांचं म्हणणं ऐकूनच मार्ग काढायला हवा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण सर्वांना पाहता येते. गटाने मिळून जा, मुलींना सोबत न्या. आणि तिथे पोचल्यावर मोबाईल बंद करायला विसरू नका.