शेवटच्या कडव्यातलं नाव
आपलं गाणं, आपलाच गळा : लेखांक १४

या आठवड्यात शाहीर साबळ्यांच्या पसरणीला जायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या. केळघर खोऱ्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यानं मला भलतीकडेच ओढलं. हे गृहस्थ मुंबईत माथाडी होते, आता गावी शेती बघतात. निक ड्रेक या इंग्रज गायकावरचे लेखांक त्यांनी नातवाकडून वाचून घेतले म्हणे. लिहितात, ‘‘गुरुजी, तुमचा तो गोरा पोरगा गुणी होता, कबूल. पण स्वतः रचायचं, स्वतःच गायचं आणि भावकीनं टाकलं तरी सोडायचं नाही, असा माणूस आपल्याच जिल्ह्यात झाला. पठ्ठे बापूराव. त्यांचा नंबर कधी लावताय? आणि एक सांगा, दोन लाख लावण्या हे खरं का?’’

नंबर आजच लावतो. दोन लाखांचं जरा पुढं.

‘आपल्याच जिल्ह्यात’ हे त्यांचं बरोबर आहे. रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात मोडतं. पण ११ नोव्हेंबर १८६६ ला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तिथं जन्मले तेव्हा तो सगळा मुलूख साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ ला, आणि त्याला सांगली नाव मिळालं १९६० ला. (साखर कारखान्याचं रेठरे ते हे नव्हे. ते रेठरे बुद्रुक, कराड तालुक्यातलं. दर वेळी घोटाळा होतो.) मेढ्याच्या पुलाखालून गेलेलं वेण्णेचं पाणी माहुलीला कृष्णेत पडतं आणि मग तिकडंच खाली जातं. सोयरीक सांगायला एवढं पुरे.

बापूरावांचं चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. ब्राह्मण घर, गावचं कुळकर्णीपण, म्हणजे दप्तर, रुमाल, आणेवारी. पोराचा कान मात्र गावकुसाबाहेरच्या ढोलकीकडं. आधी घरात बसून फडासाठी लावण्या लिहून दिल्या, तोवर कुणाचं फारसं बिघडलं नाही. लेखणी चालत होती, पण पायरी उतरून फडात उभं राहणं चालत नव्हतं. ते उभे राहिले. भाऊबंद तुटले, वतन सुटलं, श्रीधर कुलकर्ण्यांचे पठ्ठे बापूराव झाले. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा त्यांना भेटली आणि त्या जोडीनं अख्खा महाराष्ट्र वेडा केला. कोल्हापुरात शाहू महाराजांपुढं ‘मिठाराणी’चा वग झाला, मुंबईत तंबू गाजले. पुढं दोघांचं फाटलं, आणि २२ डिसेंबर १९४५ ला पुण्यात, हलाखीत, बापूराव गेले.

ड्रेक बाहेरचा ठरला तो माणसांत मिसळेना म्हणून. बापूराव बाहेरचे ठरले ते मिसळले म्हणून. त्यांच्या आधी सोलापूरच्या राम जोशींनी हेच केलं होतं आणि घरातून बाहेर पडले होते. पण ती उत्तर पेशवाई, तेव्हा लावणीला वाड्यात मान होता. बापूरावांच्या काळात पांढरपेशा समाज संगीत नाटकाला तिकीट काढून बसत होता आणि तमाशाचं नाव काढलं की नाक मुरडत होता. अशा वेळी उलट्या दिशेनं चालत जायला छाती लागते.

आता माझ्या आवडीच्या आडवाटेला लागतो. वाचकांनी विचारलं नसतानाही मी हा विषय काढणार होतोच, हे घरचे सांगतील.

लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं. मुद्रा म्हणा, छाप म्हणा. सगनभाऊ, परशराम, प्रभाकर, होनाजी बाळा, सगळे तसं करतात. (होनाजी बाळाची गंमत वेगळीच. होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा कारंजकर गायचा, पण नाव दोघांचं एकत्र येतं. लिहिणारा, गाणारा एकच, या आपल्या लेखमालेच्या नियमात तो बसत नाही म्हणून इतके दिवस दाराबाहेर ठेवला.) शाळेत आपल्याला मुद्रा म्हणजे परंपरा, रीत, एवढंच सांगतात. मला ती बापूरावांच्या बाबतीत त्याहून फार मोठी वाटते. त्यांच्याकडं आपलं म्हणायला तेवढीच एक मालमत्ता उरली होती.

जत्रेत कधी तमाशा पुढं बसून ऐकला असेल तर आठवून बघा. लावणी चालू आहे. ढोलकी घुमतेय, कडं तिच्यावर कडकडतंय, तुणतुण्याचा एकच सूर मागं धरलेला, सुरत्ये झील ओढतायत. शेवटचं कडवं आलं की ढोलकीवाला हात हलका करतो. शाहीर पुढं येतो, पायातली लय थांबवतो आणि शब्द सुटा सुटा टाकायला लागतो. इतका वेळ शिट्ट्या मारणारी मंडळीही गप्प होतात, कारण आता नाव येणार हे त्यांना माहीत असतं. नाव पडतं, सुरत्ये ते उचलतात, आणि ढोलकीचा तोडा असा काही सुटतो की पटका सावरावा लागतो. लावणी कुणाची हे त्या घटकेला शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. अक्षर न येणाऱ्यालाही कळतं.

आता नाव तर कुणीही बदलेल, असं म्हणाल. बदलून बघा. मी वहीवर हा उद्योग पुष्कळ केला आहे. लघूला एक, गुरूला दोन, या हिशेबानं ‘पठ्ठे बापूराव’ अकरा मात्रांचं होतं. ‘होनाजी बाळा’ दहा, ‘सगनभाऊ’ सात, ‘परशराम’ सहा, ‘प्रभाकर’ पाच. अकरा मात्रांचं नाव काढून तिथं पाच मात्रांचं घातलं की सहा मात्रांचं भगदाड पडतं. गाताना अक्षर ओढता येतं हे खरं, पण सहा मात्रा ओढायला लागलात तर ढोलकीवालाच तुमच्याकडं बघायला लागेल. शिवाय चांगला शाहीर नाव असं गुंफतो की यमकही त्यालाच टेकलेलं असतं. काढायचं तर वीट नव्हे, भिंतच काढावी लागते. (नुसतं ‘बापूराव’ असेल तिथं मात्र जपा. ते सातच मात्रांचं, आणि तिथं ‘सगनभाऊ’ चपखल बसतो.)

ड्रेकच्या गाण्यात त्याचं नाव कुठं येत नाही, आणि यायची गरजही नव्हती. लंडनमध्ये गीतकार-संगीतकारांच्या वतीनं पैसे गोळा करणारी परफॉर्मिंग राइट सोसायटी १९१४ लाच निघाली होती. ड्रेक १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला, जिवंतपणी त्याच्या तीन तबकड्यांना फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. पण १९९९ ला एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं ‘पिंक मून’ वाजलं आणि मेलेल्या पोराची तबकडी धडाधड खपायला लागली. गाणं कुणाचं, हे कागदावर पक्कं होतं. आपल्याकडंही एक कॉपीराइट कायदा त्याच १९१४ चा. बापूराव तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे, ऐन भरात. पण यात्रेत सुपारी घेऊन उतरलेला दुसरा फड तुमची लावणी गातो तेव्हा तुम्ही कुठल्या कचेरीत जाणार? आपल्या देशात गीतकार-संगीतकारांची तशी संस्था, आयपीआरएस, उभी राहायला १९६९ साल उजाडलं. तोवर बापूरावांना जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं की बापूरावांचा कायदा त्यांच्या गाण्याच्या पोटात होता. दुसरे फड त्यांच्या लावण्या बिनदिक्कत गात, पैसा त्यांनाच मिळे, पण मुद्रेपाशी आले की बापूरावांचं नाव घ्यावंच लागे. सुपारी घेणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, असा तो मामला. आज ज्या बापूरावी लावण्या आपल्या कानांवर आहेत त्या सगळ्या दुसऱ्यांच्या गळ्यांतून आल्या. त्या त्यांच्या आहेत हे कळतं ते त्या नावामुळंच.

आता दोन लाख. हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. आपण सरळ भागाकार करू. विसाव्या वर्षी लेखणी धरली आणि एकोणऐंशीव्या वर्षी खाली ठेवली असं धरलं तर एकोणसाठ वर्षं होतात. वर्षाला सुमारे ३,३९० लावण्या. रोजच्या नऊ, आजारपण, प्रवास, यात्रा, भांडणं, कशालाही सुट्टी न देता. गण, गौळणी, छक्कडी, सवाल-जवाब, वगातली कटावं सगळं ‘लावणी’त मोजलं तरी हिशेब जमत नाही.

पण मी तो आकडा थाप म्हणूनही झटकत नाही. अकरा मात्रांचं ते नाव चोरायला जड होतं, तसंच उसनं घ्यायला सोपं होतं. नवख्या शाहिरानं स्वतःची लावणी गायली तर लोक उठून चहाला जातील. तीच ‘पठ्ठे बापूराव’ लावून गायली तर बसून ऐकतील. त्यामुळं त्यांच्या नावावर त्यांनी न रचलेलं किती चढलं असेल याचा अंदाज करा. तुकोबांच्या गाथ्याला हे भोगावं लागलं, लावणीवाल्याला चुकेल कसं? दोन लाख हा बापूरावांनी लिहिलेल्या लावण्यांचा आकडा नाही, त्यांच्या नावाच्या बाजारभावाचा आहे. माथाडीदादा, हे उत्तर पटत नसेल तर पुन्हा लिहा.

या मुद्रेच्या कौतुकात एक गोष्ट मला टोचते, ती सांगून टाकतो. फडावर गर्दी व्हायची ती पवळासाठी. बापूरावांचा शब्द रसिकांपर्यंत पोचला तो तिच्या अदेतून, तिच्या पायांतून. तमाशाची सगळी घडणच महार-मांग कलावंतांची. बापूरावांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८६५ ला, सावळजच्या उमा-बाबाजींचा ‘मोहना बटाव’ आला आणि वगाची वाट तिथून मोकळी झाली. त्या वाटेनं बापूराव चालले. शेवटच्या कडव्यात मात्र नाव पडतं ते एकाचं. चाल कुणी सुचवली, बोल कुठं मोडायचा हे कुणी दाखवलं, ढोलकीवाल्यानं कुठं सावरून घेतलं, हे त्या अकरा मात्रांत मावत नाही. लिहिणारा, गाणारा एकच, असं मी या लेखमालेत उठता-बसता म्हणत आलोय, पण तमाशात असा एकटा माणूस नसतोच.

याहून कडक बोल बाबासाहेबांनी सुनावले. १९२७ च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या काही खेळांचं उत्पन्न देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महार बायका नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. बापूरावांनी जात सोडली, वतन सोडलं, त्यांचं गाणं खरं होतं, आणि तरीही हा नकार योग्य होता, असं मला वाटतं. दोन्ही एकत्र मान्य करायला मला बराच काळ लागला. बापूरावांच्या भक्तांना अजून लागतो.

बापूरावांना दुसरं उत्तर मिळालं ते त्यांच्याच तालुक्यातून. बापूरावांची मुंबईची लावणी प्रसिद्ध आहे. त्यांना दिसलेली मुंबई म्हणजे थाट, रोषणाई, नवलाई. वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, जन्म १९२०, यांनीही मुंबईची लावणी लिहिली, आणि तिच्यात गिरणी, गोदी, फुटपाथ आणि उपाशी माणूस आला. आपल्या जावळीतली निम्मी घरं ज्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली ती मुंबई दुसऱ्या लावणीतली. अण्णा भाऊंनी बापूरावांचा शहराकडं बघायचा डोळा नाकारला, पण साचा ठेवला. ‘माझी मैना’ या छक्कडीत शेवटी त्यांचंही नाव रीतसर पडतं. कम्युनिस्ट शाहिराला खाजगी मालमत्ता नको असेल, मुद्रा हवीच होती.

ती छक्कड मेढ्याच्या बाजारपेठेत अजून वाजते, गणपतीत, लग्नाच्या वरातीत, मोबाइलवर. आणि माझी तक्रार इथंच आहे. हल्लीचे वाद्यवृंदवाले दोन कडव्यांत गाणं गुंडाळतात. ध्रुपद, पहिलं कडवं, दुसरं कडवं, टाळ्या. शेवटचं कडवं गळतं आणि त्याच्याबरोबर नावही. मध्यंतरी एका कार्यक्रमात निवेदकानं बापूरावांची गौळण ‘पारंपरिक’ म्हणून पुकारली. कार्यक्रम संपल्यावर गाठून विचारलं तर म्हणाला, ‘‘काका, नाव कुठं होतं त्यात?’’ मी त्याला उभ्या उभ्या शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. आवाज माझा फाटका, पण पोरानं लगेच मोबाइलवर टिपून घेतलं.

शाहीर साबळे पुढच्या आठवड्यात नक्की. तेही ‘आंधळं दळतंय’पासून सुरू करीन, ‘महाराष्ट्र माझा’पासून नाही. कारण ते गाणं राजा बढ्यांचं, चाल श्रीनिवास खळ्यांची, आणि तिथं आपला लेखमालेचा नियम पुन्हा मोडतो. त्यावर भांडायचं असेल तर पत्रं गुरुवारपर्यंत पाठवा.