उडालेला रंग, सुटलेलं कापड

टप उघडणाऱ्या गाडीत आतलं कापड लवकर मरतं. समोरच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि तो बहुतेक अतिनील किरण अडवतो. पण टप खाली केला की ऊन वरून थेट आत उतरतं. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरचं कापड ते सगळ्यात जास्त खातं.

मित्राच्या जुन्या जर्मन कन्व्हर्टिबलमधलं हे कापड करड्याचं पिवळट झालं होतं आणि वरच्या टोकाला सुटून लोंबत होतं. खांबांची प्लास्टिकची कव्हरं काढून आम्ही ती पुण्याच्या नाना पेठेतल्या एका कुशनवाल्या काकांकडे नेली. मी काम होईस्तोवर तिथेच बसून राहिलो.

काकांनी टोक धरून ओढलं आणि अख्खं कापड केळ्याच्या सालीसारखं सुटून आलं. आत उरली नारिंगी, चिकट पूड. कापडाच्या पाठीला असलेला पातळ फोम तो हाच. पॉलियुरेथेन फोम उष्णता आणि दमटपणानं वर्षानुवर्षं तुटत जातो. म्हणजे गोंद बहुधा शाबूत असतो, फोम गेलेला असतो. अशा कापडाखाली नुसतं सोल्यूशन सोडून दाबलं तर ते पुडीला चिकटतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुटतं.

निम्म्याहून जास्त वेळ ही पूड काढण्यात गेला. आधी ब्रश, मग ओलं फडकं, शेवटी बारीक पॉलिश पेपर. मी थिनरचं नाव काढलं तर काका म्हणाले, "थिनर प्लास्टिक खातो, साहेब. मग कापड बसवायचं कशावर?" दर खेपेला ते डोळे मिटून बोट फिरवत. एखादा कण जरी राहिला तरी नव्या कापडावर तो फोडासारखा वर येतो.

रंग जुळवायची त्यांची रीत मला फार आवडली. पिवळ्या पडलेल्या दर्शनी भागाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मागे दुमडलेली कड उलगडली, तर तिथे कारखान्यातला मूळ करडा रंग जसाच्या तसा होता. नमुना म्हणून तोच धरला. कापडाचा रंग उजेडात किती टिकतो हे निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून १ ते ८ अशा श्रेणीत ठरवतात. घरातल्या सोफ्याचं स्वस्त कापड इथे वापरायचं नाही ते यासाठीच. काकांनी फोम लावलेलं गाडीचंच कापड घेतलं.

सोल्यूशन कव्हरवर आणि फोमवर, दोन्हीकडे लावलं. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले. मग मधून कडेकडे, तळहातानं. वळणावर जोर लावून ओढलं तर फोम चेपतो आणि तेवढाच भाग चकाकतो, म्हणून तिथे ते कापड जेमतेम ताणत होते. कडा मागे दुमडल्या आणि क्लिपांजवळचं जादा कापड कापून टाकलं. ते राहिलं तर क्लिप बसत नाही.

जुन्या कापडावर रंगाचा फवारा मारून घेऊ नका. उन्हानं त्याचा धागाही कमजोर झालेला असतो. आणि तुमच्या गाडीच्या खांबावर एअरबॅगची खूण असेल तर तो भाग अधिकृत वर्कशॉपशिवाय उघडू नका, त्यावर दुसरं कापडही चढवू नका.