शिरस्ता आणि संगणक : तीन गैरसमज

गैरसमज : दफ्तरात संगणक आला की कामाची कार्यक्षमता आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : १९८०च्या दशकाच्या आरंभी फोर्ड मोटार कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील देणी-विभागात ५००हून अधिक माणसे होती, आणि संगणकाच्या साह्याने ही संख्या शेकडा २०ने घटवावी असा व्यवस्थापकांचा मानस होता, परंतु जपानच्या माझदा कंपनीत हेच काम अवघी ५ माणसे करतात असे दिसून आले, तेव्हा माझदाचा लहान व्याप जमेस धरूनही, दोष खुद्द शिरस्त्यातच आहे हे उघड झाले. खरेदीचा हुकूम, माल पोचल्याची पावती आणि विक्रेत्याचे बीजक यांतील १४ बाबींची रुजवात घालण्यात, व ती जुळली नाही म्हणजे चौकशी करण्यात, फोर्डच्या कारकुनांची शक्ती खर्ची पडत असे. नव्या व्यवस्थेत बीजकच रद्द झाले. हुकुमाची नोंद सामाईक डेटाबेसमध्ये राहू लागली, आणि दारी आलेला माल त्या नोंदीशी जुळला तर ठेवून घ्यावा, न जुळला तर परत पाठवावा, असा नियम झाला. तेथील मनुष्यबळ शेकडा ७५ने घटले.

गैरसमज : विलंबाचे मूळ कर्मचाऱ्यांच्या दिरंगाईत असते.

वस्तुस्थिती : आयबीएम क्रेडिट या कंपनीत कर्जाच्या एका अर्जास सरासरी ६ दिवस लागत, मात्र दोन अधिकाऱ्यांनी एक अर्ज स्वतः विभागाविभागांतून फिरवून पाहिला, तेव्हा प्रत्यक्ष काम ९० मिनिटांचेच निघाले. उरलेला सारा काळ कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्यात सरत होता. पुढे संगणकाच्या आधारे एकच कर्मचारी संपूर्ण अर्ज हाताळू लागला आणि निकाल ४ तासांत मिळू लागला.

गैरसमज : शिरस्त्याची अशी पुनर्रचना हे नोकरकपातीचेच दुसरे नाव होय.

वस्तुस्थिती : फोर्डमध्ये माणसे घटली हे खरे, आणि व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९०च्या लेखात व जेम्स चॅम्पी यांच्यासह १९९३च्या ग्रंथात मांडलेल्या पुनर्रचनेच्या विचाराच्या आडोशाने अनेक कंपन्यांनी केवळ कपात केली हेही खरे, तथापि मानवी बाजूकडे आपले पुरेसे लक्ष गेले नव्हते, अशी कबुली पुढे हॅमर यांनीच दिली. ही बाजू मोलाची, कारण कामातील निरर्थक पायरी कोणती, हे ती रोज चढणाऱ्या कारकुनाइतके कोणालाही ठाऊक नसते. आणि प्रामाणिक उत्तराची किंमत आपल्या नोकरीने चुकवावी लागेल अशी धास्ती असल्यास तो ते सांगणार नाही. म्हणून यंत्राच्या खरेदीस मंजुरी देण्यापूर्वी कारकुनाला अभय द्यावे, आणि मगच कोणते काम मुळात करूच नये, हे त्याला विचारावे.